फळ्यावरचा पाऊस आणि गल्लीतला पाऊस

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही कराडला राहतो. माझी मुलगी चौथीत आहे, मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत. वर्गात ५२ मुलं. दुसरीपर्यंत तिचं सतत काहीतरी चाललेलं असायचं. भिंतीवर चित्रं, मनच्या गोष्टी, भलतेसलते प्रश्न. आता कागद दिला की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नारळाचं झाड आणि नदी. दुसरं काही काढ म्हटलं तर ‘मला येत नाही’. मागच्या महिन्यात ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध होता. तिने लिहिलं, ‘पाऊस आला की आमच्या गल्लीत गोठ्याचा वास येतो. आई नाक दाबते, पण मला तो आवडतो.’ बाईंनी त्यावर लाल रेघ मारली आणि शेरा दिला, ‘फळ्यावरचे उतरवून घ्यावे.’ फळ्यावर होतं, ‘सृष्टीने जणू हिरवा शालू पांघरला आहे.’ प्रकल्पांचं तर विचारूच नका. जलचक्राची थर्माकोलची प्रतिकृती मिस्टरांनी रात्री बारापर्यंत बसून केली आणि हिला पहिला नंबर मिळाला. शेजारच्या काकू म्हणतात, क्रिएटिव्हिटीच्या क्लासला घाला. माझ्या मनात एक प्रयोगशील शाळा आहे, पण ती २५ किलोमीटर लांब. मिस्टर म्हणतात, चित्रं आणि गोष्टी राहू देत, शिष्यवृत्तीची तयारी करून घे. शाळेने पोरीची माती केली असं मला वाटतं. काय करू?

– एक आई, कराड

उत्तर

नमस्कार.

तुमच्या लेकीचं गोठ्याचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दोन ओळींत गल्ली आली, वास आला, नाक दाबणारी आई आली. आणि आपल्याला आईपेक्षा वेगळं काही आवडतं हे बिनदिक्कत सांगून टाकणारी एक मुलगीही आली. जी पोर हे लिहिते तिची माती झालेली नाही. तेव्हा आधी तो शब्द मनातून काढा, आणि तिच्यासमोर तर अजिबात उच्चारू नका. तिला रोज त्याच वर्गात जाऊन बसायचं आहे. घरी शाळेची नालस्ती ऐकून तिथला वेळ काही सोपा होत नाही.

आता लाल रेघेचं. माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, त्यामुळे बाईंची बाजू मला सांगावीच लागेल. फळ्यावरचा निबंध उतरवलेला असला की वही तपासायला अर्धं मिनिट पुरतं. वेलांटी बघायची, सुटलेला शब्द बघायचा, सही. प्रत्येकाचा पाऊस वेगळा झाला तर ५२ वह्या खरोखर वाचाव्या लागतात, आणि तेवढा वेळ बाईंकडे नसतो. पोषण आहाराच्या नोंदी असतात, दर आठवड्याला कुठली तरी माहिती ऑनलाइन भरायची असते, निवडणूक आली की मतदार याद्या असतात. शिवाय, रागावू नका, पण पालकही असतात. ‘शेजारच्या तुकडीत निबंधाचे आठ मुद्दे दिलेत, आमच्या बाईंनी पाचच का दिले?’ असं विचारायला येणारे पालक प्रत्येक शाळेला माहीत आहेत. गोठ्याचा वास कमी पडला म्हणून तक्रार घेऊन आलेलं मात्र कुणी मला भेटलेलं नाही. आणि तो हिरवा शालू बाईंनाही त्यांच्या लहानपणी कुणीतरी फळ्यावर लिहूनच दिलेला असणार.

हे सगळं मान्य करूनही ती रेघ चुकीची होती. मुलं हुशार असतात. एकदा-दोनदा रेघ आली की पुढच्या वेळी ती वास घरी ठेवून येतात. मग वहीत कोण येतं? चातक येतो, मोर येतो, बेडकांचं डराव डराव येतं. कराडच्या पोरीने चातक कधी पाहिला? तिच्या पावसात कोयनेतून पाणी सोडलं की संगमावर चढणारं पाणी असेल, उसाच्या रानातून आलेल्या ट्रॅक्टरने रस्त्यावर सांडलेला चिखल असेल, वाळत नसलेला युनिफॉर्म आणि त्याला फिरवलेली इस्त्री असेल. यातलं काहीच वहीत आलं नाही तर निबंध नुसता अक्षराचा सराव होऊन बसतो.

तुम्ही बाईंना भेटा. पण भेटण्यापूर्वी एक माहिती हाताशी असू द्या. आपल्या राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात तिसरी-चौथीला प्रत्येक विषयाचे ६० गुण आकारिक, म्हणजे शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाचे आणि ४० संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचे. आकारिकमध्ये रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं दिली आहेत आणि त्यातली कुठली कधी वापरायची हे शिक्षकाने ठरवायचं आहे. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांना तर संकलित परीक्षाच नाही. म्हणजे शंभरातले साठ गुण बाईंच्या हातात आहेत आणि ५२ निबंध एकसारखे हवेत असं कुठेच लिहिलेलं नाही. नियम चांगला होता. आपण त्याचं काय केलं ते मी जवळून पाहिलं आहे. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या आता शिक्षकांच्या मोबाइलवर फिरतात, आणि ‘स्वतःचे विचार स्वतःच्या शब्दांत मांडते’ हे वाक्य नोंदवहीत एकाखाली एक, एकाच पेनाने, वीस मुलींच्या नावापुढे उतरवलेलं असतं.

हा शासन निर्णय बाईंच्या तोंडावर मात्र फेकू नका. तो तुमच्या माहितीसाठी सांगितला, म्हणजे ‘वरून आदेश आहे’ असं उत्तर आलं तर तुम्ही गप्प बसणार नाही. शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मागून घ्या. लाल रेघेचा विषय काढू नका, वहीही नेऊ नका. एवढंच विचारा: ‘बाई, पंधरा दिवसांतून एक लिखाण फळ्याशिवाय घेता येईल का? तपासूच नका. मुलं जोडीजोडीने एकमेकांना वाचून दाखवतील, दोन-चार जण वर्गासमोर वाचतील.’ ‘तपासू नका’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. काम वाढणार नाही म्हटल्यावर बऱ्याच शिक्षिका ऐकायला तयार होतात, आणि तुमच्या बाई फळ्यावर निबंध लिहून देण्याइतकं कष्ट घेणाऱ्या आहेत, हेही विसरू नका. काही वर्गांत गाईडचं पान सांगून मोकळे होतात.

बाईंना रस वाटला तर आणखी एक सुचवा. विषय लहान करायचा. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ एवढा मोठा विषय दिला की मूल बावरतं आणि शालू-गालिचा जे हाती लागेल ते पकडतं. त्याऐवजी ‘पहिल्या पावसात माझ्या चपलांचं काय झालं’ असं विचारलं तर? ‘माझी आई’ ऐवजी ‘आई चिडली की तिचे हात काय करतात’. ‘माझी शाळा’ ऐवजी ‘आमच्या वर्गातल्या खिडकीतून काय दिसतं’. कुठल्याच गाईडमध्ये याचं उत्तर नाही, त्यामुळे उतरवायची सोयच उरत नाही. मी वर्गात हे करायचे तेव्हा ‘खूप’, ‘छान’, ‘सुंदर’ आणि ‘जणू’ या चार शब्दांना त्या दिवशी सुट्टी द्यायचे. पोरं आधी कुरकुरायची. मग कुणीतरी लिहायचं, ‘आई चिडली की पोळपाट जोरात ठेवते, बोलत नाही’, आणि अख्खा वर्ग हसायचा, कारण सगळ्यांच्या घरी पोळपाट तसाच वाजायचा. त्यानंतर थांबवणं अवघड व्हायचं. बालभारतीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकातही ‘सांगा पाहू’, ‘काय करावे बरे?’ अशा चौकटी आहेत, मुलांनी आपल्या डोक्याने बोलावं म्हणूनच ठेवलेल्या. त्यांचीही उत्तरं कित्येक ठिकाणी फळ्यावर लिहून देतात!

आणि बाई नाहीच म्हणाल्या तर? तर लेकीला सरळ सांगा: शाळेच्या वहीत बाई सांगतात तसं लिही, त्यांना ५२ वह्या बघायच्या असतात. गोठ्याचं मला आवडलं, ते तुझ्या दुसऱ्या वहीत लिही. याने मूल दुटप्पी होतं असं मला वाटत नाही. आपणही बँकेला अर्ज एका भाषेत लिहितो आणि बहिणीला दुसऱ्या. त्या दुसऱ्या वहीला मात्र हात लावू नका. ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका, रोज एक पान लिहायचा दंडक घालू नका, आणि तिने दाखवल्याशिवाय वाचूही नका.

मिस्टरांच्या म्हणण्याकडे वळते. शिष्यवृत्तीच्या तयारीला माझा विरोध नाही, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीची कोडी कित्येक मुलांना मनापासून आवडतात. पाठांतरालाही नाही. पाढे, कविता, आजीच्या ओव्या पाठ असणाऱ्या पोरीच्या कानात भाषेची लय बसलेली असते, आणि लिहायला बसली की ती कामी येते. पण गुणांसाठी स्वतःचं लिखाण बाजूला ठेवा हा हिशेब मला पटत नाही. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, स्वमत आहे, रसग्रहण आहे, उपयोजित लेखन आहे. म्हणजे जे चौथीत खोडलं, तेच दहावीत गुण देऊन मागतात. मग ऐन वेळी मुलं कुठून आणणार? बाजारातून. हल्ली स्वमतसुद्धा तयार मिळतं. मिस्टरांना एवढंच विचारा की सहा वर्षांनी लेकीसाठी तेही विकत आणायचं आहे का.

चित्राबद्दल मात्र तुमच्याशी माझा थोडा मतभेद आहे. दोन डोंगर आणि मधला सूर्य हे काही एकट्या शाळेचं पाप नाही. मुलं हे चित्र एकमेकांकडून शिकतात, शेजारच्या बाकावरून, मोठ्या भावाच्या वहीतून. आणि ‘मला येत नाही’ हे या वयात येणारच. ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांच्या अवस्था मांडल्या. त्या आजही वर्गात बसून तपासता येतात. सात-आठ वर्षांचं मूल कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ मारतं, वर आकाशाची पट्टी रंगवतं आणि मधली जागा कोरी सोडतं. घराच्या भिंती काचेच्या असल्यासारखं आतलं सगळं दिसतं. आजी लाडकी असेल तर ती घरापेक्षा उंच होते. यात त्याला काहीच खटकत नाही. नऊ-दहाच्या सुमाराला खटकायला लागतं. आजी एवढी मोठी नसते, हात असा वळत नाही, हे डोळ्यांना कळतं आणि बोटांना जमत नाही. मग मूल चुकणार नाही असं काहीतरी शोधतं, आणि डोंगर-सूर्य-झोपडी कधीच चुकत नाही.

म्हणून ‘तुला हवं तसं काढ’ हे पाचव्या वर्षी उत्तम वाक्य आहे, नवव्या वर्षी त्याचा उपयोग नाही. भाकरी शिकायला बसलेल्या पोरीला कुणी ‘तुझ्या मनासारखी थाप’ म्हणून सोडून देत नाही. पीठ किती मळायचं, बोटं कशी फिरवायची, हे दाखवतात आणि मग तिच्या हातात गोळा देतात. तुमच्या लेकीला या वयात कसब हवं आहे. मुक्त अभिव्यक्तीच्या नावाखाली कसब शिकवायचंच नाही, हा आपल्याकडच्या काही हौशी मंडळींचा हट्ट मला कधी कळला नाही.

त्याला चित्रकलेचे मास्तर लागतातच असं नाही. तांब्या समोर ठेवा आणि तिला आधी नुसतं बघायला सांगा: तोंड गोल आहे, पण इथून बघताना ते गोल दिसतं का? ते लांबट दिसतं. उभं राहून बघितलं तर थोडं गोल होतं, डोळे तांब्याच्या पातळीला आणले तर नुसती रेघ उरते. एवढं एक कळलं की कढई, बादली, पेला, विहीर सगळं काढता येतं. मग पायातली चप्पल, बांधलेली आणि सुटलेली लेस, उभी केलेली सायकल. खोडरबर लपवून ठेवा. चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी रेघ मारायची.

आणि एका रविवारी तिला आगाशिवचा डोंगर दिसेल अशा ठिकाणी घेऊन जा, वही-पेन्सिल देऊन. आपल्याकडचे डोंगर वहीतल्यासारखे त्रिकोणी नसतातच. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून सह्याद्री तयार झाला, त्यामुळे त्याच्या अंगावर पायऱ्या दिसतात, मध्येच उभा कडा येतो आणि माथा बऱ्याचदा सपाट असतो. सदाशिवगडही बघा, वसंतगडही बघा. तिन्हींचा माथा सारखा आहे का, एवढंच तिला विचारा. कराडभोवती जिकडे तिकडे ऊस, आणि चित्रात नारळ का, हेही गमतीत विचारून बघा. उत्तराची वाट बघू नका, प्रश्न तिच्या डोक्यात राहू द्या. पुढे आठवी-नववीत शासकीय रेखाकला परीक्षा असतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्यात वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं. नुसत्या दहावीच्या वाढीव गुणांसाठी मुलांना रेटू नये असं माझं मत आहे, पण बघण्याची सवय लागलेल्या मुलाला त्या परीक्षांची भीती वाटत नाही, मजाच येते.

चित्रांचा विषय निघालाच आहे तर बक्षिसांचंही बोलते. १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग झाला. तीन ते पाच वर्षांची, आपणहून रंगीत स्केचपेनने चित्रं काढणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्रं काढलीत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी तेच प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तेच स्केचपेन पुन्हा मांडून ठेवले. बक्षिसाचं आधी कबूल केलेल्या मुलांनी त्यांच्याकडे बाकीच्यांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ दिला. आश्चर्याचं बक्षीस मिळालेल्यांवर तसा परिणाम झाला नाही. आता आपल्या गल्लोगल्लीच्या रंगभरण स्पर्धा आठवा, सहभागाचं प्रमाणपत्र प्रत्येकाला! तिने स्पर्धेत भाग घेऊच नये असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक चित्राला ‘वा, किती सुंदर’ म्हणणं आणि लगेच ते स्टेटसला लावणं थांबवा. दुसऱ्याने काढून दिलेल्या रेघांच्या आत रंग भरणं हा हाताला वळण लावायचा उद्योग आहे, त्याला चित्रकला समजू नका. ती काही दाखवायला आली तर चित्रातलंच काहीतरी विचारा: हा माणूस कुठे निघालाय? ही सावली कशाची?

क्लासचं मी चटकन उरकते. घालू नका. आठवड्यातून एक तास, महिन्याला फी, आणि शेवटी सगळ्यांचा एकसारखा कागदी मोर. तोच मोर घरी मोबाइलवर बघूनही होतो. तिची रिकामी संध्याकाळ त्यापेक्षा मोलाची आहे. ‘कंटाळा आला’ म्हणाली तर पंधरा मिनिटं काहीही सुचवू नका.

शाळा बदलण्याचा विचार मला थोडा जास्त समजतो, पण यंदा तरी बदलू नका. २५ किलोमीटर म्हणजे जाऊन-येऊन ५० झाले, आणि ती रिकामी संध्याकाळ बसमध्येच संपली. शिवाय तुमच्या लेकीला शाळा नकोशी झाली आहे असं तुमच्या पत्रात कुठेच नाही. कंटाळली आहात तुम्ही. त्यापेक्षा वर्षातून एखादी चांगली शाळा परवानगी घेऊन बघून या. तुमच्याच जिल्ह्यात फलटणला, अमेरिकेतून येऊन तिथेच राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी उभी केलेली कमला निंबकर बालभवन आहे. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ साली सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालय आहे. तिथे भिंतींवर काय लावलंय यापेक्षा मुलं शिक्षकांना काय विचारतात आणि शिक्षक किती वेळ थांबून ऐकतात, ते बघा. त्यातलं काय ५२ मुलांच्या वर्गात करता येईल हे बाईंना येऊन सांगा. सगळं जमणार नाही, हे खरं आहे. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं काम करत होत्या तेव्हा त्यांच्याकडे तरी काय होतं? मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणावर कुरणशाळा भरवली. शंख-शिंपले, बिया, पानं हेच त्यांचं साहित्य होतं. पैसे नसल्यामुळे आमच्याकडे असलं काही होत नाही, असं सांगणाऱ्या मुख्याध्यापकांना मी कोसबाडची आठवण करून देत असे. त्यांना ते फारसं आवडायचं नाही.

राहिला थर्माकोल. मिस्टरांनी रात्री बारापर्यंत बसून जे केलं त्यात प्रेम आहे, मला त्यांच्याविषयी काही वाईट म्हणायचं नाही. पण लेक त्यातून एवढंच शिकली की आपण केलेलं नंबरात येत नाही, बाबांनी केलेलं येतं. पुढच्या प्रकल्पाला त्यांना एक नियम घाला: साहित्य आणून द्यायचं, कात्री धारदार असेल तर शेजारी बसायचं, हात मात्र लावायचा नाही. प्रतिकृती वाकडी झाली तरी वाकडीच शाळेत जाऊ द्या. शेवटचा नंबर आला तर त्या संध्याकाळी ती थोडी हिरमुसेल. हिरमुसू दे.

त्यांचे हात अगदीच शिवशिवत असतील तर एक काम देते. अरविंद गुप्ता हे आयआयटीत शिकलेले अभियंते. १९७८ साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब एवढ्यावर भूमिती शिकवायची युक्ती काढली. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून कितीतरी खेळणी केली. त्यांची मराठी पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत. व्हॉल्व्हट्यूब सायकलच्या दुकानात मिळते. तिचे छोटे तुकडे करायचे, जळक्या काड्यांची टोकं खरवडून त्यात बसवायची आणि सांधे करायचे. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि चार काड्यांचा चौकोन. आता दोन्ही दाबून बघायला लेकीला सांगा. चौकोन लगेच तिरका होतो, त्रिकोण जागचा हलत नाही. चौकोनात एक तिरपी काडी घातली की तोही ताठ होतो. ‘का?’ हे बाबांनी सांगायचं नाही. बाजार समितीच्या शेडचं छप्पर, विजेचा टॉवर, पुलाच्या कैच्या दाखवायला मात्र गाडीवरून फिरवून आणायचं आणि त्रिकोण कोण जास्त मोजतं याची पैज लावायची.

आणि एक काम शाळेतलं. शिक्षक-पालक संघाची सभा होईल तेव्हा प्रकल्पांचा विषय तुम्ही मांडा. मागणी एकच ठेवा: प्रकल्प शाळेच्या वेळेत, शाळेत, गटाने करायचे आणि घरून फक्त टाकाऊ साहित्य आणायचं. आकारिक मूल्यमापनाची नोंद त्यातूनच होते, त्यामुळे बाईंचंही काम वाढत नाही. मुख्याध्यापक म्हणतील, पालकांनाच हौस असते. तेव्हा तिथल्या तिथे हात वर करून विचारा, गेल्या वेळी रात्री जागून थर्माकोल कोणी कोणी कापला. तुमच्या बाजूने किती मतं पडतील ते तुम्हाला लगेच दिसेल.